जोडीच्या सौद्यांची पंचवीस वर्षं : नफा विरतो कसा

आजचा विषय शेअर बाजाराचा आहे, पण कुठला शेअर घ्यावा हे ऐकायला कोणी आलं असेल तर त्यांची निराशा होईल, हे आधीच सांगून टाकतो. आपण इतिहास बघणार आहोत, पैसे कमावण्याच्या एका पद्धतीचा इतिहास. ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आली. वीसेक वर्षांत ती दोन-चार माणसांच्या हातून शेकडो माणसांच्या हाती गेली. आणि ऑगस्ट २००७ मधल्या तीन दिवसांत तिने या सगळ्यांना एकदमच तोंडावर पाडलं.

गर्दी झाली की नफा घटतो, हे आपल्याला कोणी शिकवायला लागत नाही. गावात एकाला टोमॅटोत पैसे झाले की पुढच्या वर्षी शिवारभर टोमॅटो दिसतो, आणि तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. बाजारातल्या युक्त्यांचंही असंच होतं, असं म्हणून आपण विषय संपवतो. पण टोमॅटोचं उदाहरण अर्ध्या वाटेपर्यंतच उपयोगी पडतं. शेजाऱ्याने टोमॅटो उपटून टाकला म्हणून तुमच्या शेतातलं उभं पीक एका रात्रीत जळत नाही. शेअर बाजारात जळतं. ते कसं, हे आज बघायचं आहे.

मॉर्गन स्टॅन्ली ही वॉल स्ट्रीटवरची बडी पेढी. १९८० साली तिथे गेरी बॅम्बर्गर नावाचा तरुण नोकरीला लागला. कोलंबिया विद्यापीठात संगणकशास्त्र शिकलेला. ठोक सौदे करणाऱ्या विभागासाठी प्रोग्रॅम लिहिणं हे त्याचं काम. ठोक सौदे म्हणजे काय ते जरा सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथूनच निघते. समजा एक पेन्शन फंड आहे. तो म्हणतो, आमच्याकडे कोका-कोलाचे पाच लाख शेअर आहेत, आजच विकायचेत. (कंपन्यांची नावं मी उदाहरणादाखल घेतोय.) एवढा माल एकदम बाजारात ओतला तर भाव कोसळणार. म्हणून पेढी तो माल थोड्या कमी भावात स्वतःच्या अंगावर घेते आणि सवडीने विकते. पण तोवर सगळा बाजारच पडला तर? त्यावर उपाय म्हणून ती पेप्सीचे शेअर उसने घेऊन विकून ठेवते. यालाच शॉर्ट करणं म्हणतात. दोन्ही कंपन्यांचा धंदा एकच, दोघींचे भाव साधारण बरोबरीने वरखाली होणार. म्हणजे कोका-कोलात मार बसला तर पेप्सीत भरून निघेल.

या जोड्यांचा हिशेब बॅम्बर्गरच्या प्रोग्रॅममधून जायचा. १९८२-८३ च्या सुमारास त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. मोठी विक्री आली की जोडीतला एक शेअर खाली ढकलला जातो, दुसरा जागेवर राहतो, आणि मग काही दिवसांत दोघांमधलं अंतर पुन्हा पूर्वीइतकं होतं. पेढी जोडीकडे संरक्षण म्हणून बघत होती. बॅम्बर्गरने प्रश्न फिरवला. गिऱ्हाइकाचा माल अंगावर येण्याची वाट कशाला बघायची? बाजारात रोज अशा जोड्या फाकत असतील, त्या आपणच शोधू. जो घसरलाय तो घ्यायचा, जो वर राहिलाय तो विकायचा, आणि दोघे जवळ येईपर्यंत थांबायचं. बाजार वर जाणार की खाली, याच्याशी आपल्याला देणंघेणंच नाही.

इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे, जो अशा युक्त्या सांगणारे सहसा विचारत नाहीत. हा पैसा येतो कोणाकडून? कोणीतरी देत असल्याशिवाय तो तुम्हाला मिळणार नाही. माझ्या मते याचं उत्तर असं आहे, की तो घाईत असलेल्या माणसाकडून येतो. पेन्शन फंडाला आजच विकायचंय. त्या घाईपायी तो थोडा कमी भाव सोसतो. तुम्ही तो माल घेता आणि धीर धरता. तुमचा नफा म्हणजे धीर धरण्याची मजुरी. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती आपल्याला लागणार आहे.

आता ही मजुरी आधी कोणाला का मिळत नव्हती? कारण १ मे १९७५ पर्यंत अमेरिकेत दलालीचे दर ठरलेले होते. कितीही मोठं गिऱ्हाईक असो, दलाली कमी होत नसे. चार आणे कमवायला सहा आणे खर्च, असा मामला. त्या दिवशी दर खुले झाले आणि दलाली झपाट्याने उतरली. १९८४ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात सुपरडॉट ही यंत्रणा आली, म्हणजे मागणी नोंदवायला माणूस धावडवायची गरज उरली नाही, संगणकावरून ती थेट बाजारात पोचायला लागली. संगणक स्वस्त होत होते. दार उघडलं होतं, आणि ज्या कारणांनी ते पहिल्या माणसाला उघडलं त्याच कारणांनी ते सगळ्यांनाच उघडणार होतं. फक्त तिथे दार आहे हे कळायला काही वर्षं गेली.

मॉर्गन स्टॅन्लीत हा गट लवकरच नुन्झिओ टार्टाग्लियाच्या हाती गेला. हा गृहस्थ खगोलभौतिकीतला डॉक्टरेट. त्याने गणिती, भौतिकशास्त्रज्ञ, संगणकवाले असे लोक गोळा केले. माणसाच्या अंदाजाला वावच नको, यंत्र सांगेल ते घ्यायचं नि विकायचं, हा त्याचा खाक्या. १९८७ साली या गटाने पेढीला ५ कोटी डॉलर मिळवून दिले असं सांगितलं जातं. पुढची दोन वर्षं वाईट गेली आणि १९८९ मध्ये गट मोडला. म्हणजे पद्धतीचं पहिलं घर सात-आठ वर्षांत बंद पडलं. पण माणसं कुठे जातात? ती दुसरीकडे जाऊन तेच काम करतात.

बॅम्बर्गर १९८५ मध्येच बाहेर पडला होता. तो एडवर्ड थॉर्पकडे गेला. थॉर्प हा या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा माणूस. मुळात गणिताचा प्राध्यापक. पत्त्यांच्या ब्लॅकजॅक या जुगारात कोणती पानं गेली याचा हिशेब ठेवून कॅसिनोला हरवता येतं, हे त्याने सिद्ध केलं आणि १९६२ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. पुस्तक वाचून लोकांची झुंबड उडाली. १९६४ मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी घाबरून खेळाचे नियम बदलले. गंमत म्हणजे नवे नियम बघून गिऱ्हाइकंच फिरकेनात, तेव्हा थोड्याच दिवसांत जुने नियम परत आणावे लागले. आपली युक्ती उघड केली की समोरचा काय करतो, याचा धडा थॉर्पला वॉल स्ट्रीटवर येण्याआधीच मिळालेला होता.

आणि आणखी एक. बॅम्बर्गर येण्याआधी, १९७९-८० च्या सुमारास, थॉर्पच्या कचेरीतल्या एका संशोधकाने जवळजवळ हीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधून काढली होती. अलीकडे सगळ्यात जास्त चढलेले शेअर नंतर मागे पडतात, सगळ्यात जास्त घसरलेले सावरतात. तेव्हा त्यांनी ती वापरली नाही, बाजूला ठेवून दिली. न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातली थॉर्पची मंडळी आणि मॅनहॅटनमधला बॅम्बर्गर, यांची ओळखसुद्धा नव्हती. पण भावांची आकडेवारी तीच, संगणक तसलेच, गणित तेच, मग निष्कर्षही तोच निघाला. गुपित फुटलं म्हणून गर्दी झाली असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ते गुपित नसतंच, ते दुसऱ्याच्या टेबलावर आधीच पडलेलं असतं.

बाकीचा प्रसार मात्र माणसांच्या ये-जा करण्यातून झाला. डेव्हिड शॉ हा कोलंबियातला संगणकशास्त्राचा प्राध्यापक १९८६ मध्ये मॉर्गन स्टॅन्लीत आला आणि १९८८ मध्ये सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर जमवून त्याने स्वतःचा फंड काढला. (पुढे ॲमेझॉन काढणारा जेफ बेझोस १९९४ पर्यंत याच शॉकडे नोकरीला होता.) टार्टाग्लियाच्या गटातला रॉबर्ट फ्राय बाहेर पडून केप्लर नावाची कंपनी काढतो, ती पुढे जिम सायमन्सच्या रेनेसान्समध्ये विलीन होते. मॉर्गन स्टॅन्लीच १९९० च्या दशकात पीटर म्युलर या गणितज्ञाला आणून नवा गट उभा करते. थॉर्प पुन्हा सुरू करतो. मोठ्या बँका आपापले विभाग काढतात. आणि मग प्राध्यापक मंडळी शोधनिबंध लिहायला लागतात, म्हणजे ज्यांना कोणी नोकरीवर घेतलं नाही त्यांनाही कृती वाचायला मिळते.

आता आकड्यांकडे येऊ. खरे फंड आपले हिशेब दाखवत नाहीत. म्हणून अमीर खंडानी आणि अँड्र्यू लो या एमआयटीच्या दोन अभ्यासकांनी एक युक्ती केली. त्यांनी या घराण्यातला सगळ्यात साधा नियम घेतला. काल जे शेअर बाकीच्यांपेक्षा घसरले ते आज घ्यायचे, जे चढले ते आज विकायचे, रोज हेच. आणि हा नियम जुन्या भावांवर चालवून बघितला, खर्च न धरता. १९९५ साली या नियमाचा सरासरी रोजचा परतावा १.३८ टक्के होता. रोजचा बरं का, वर्षाचा नव्हे. १९९८ मध्ये तो ०.५७ वर आला. २००६ मध्ये ०.१५. २००७ मध्ये ०.१३. बारा वर्षांत दहावा हिस्सा. खर्च धरला तर यातलं फार थोडं हातात पडलं असतं, विशेषतः छोट्या कंपन्यांत. पण उताराची दिशा इतकी सरळ आहे की त्याबद्दल वाद घालायला जागा नाही.

याला सगळी गर्दीच कारणीभूत होती का? नाही. न्यूयॉर्कमध्ये शेअरचे भाव डॉलरच्या अष्टमांशात लिहिले जात, म्हणजे सगळ्यात छोटी पायरी साडेबारा सेंटची. १९९७ मध्ये ती सोळाव्या हिश्शावर आली आणि २००१ मध्ये सरळ एका सेंटवर. घाईवाल्या माणसाला पूर्वी निदान साडेबारा सेंट मोजावे लागायचे, आता एक सेंट मोजून सुटका. मजुरीचा दरच उतरला. पण हा बदल काही आभाळातून पडला नाही, आणि पायरी लहान झाल्यावर एकेका सेंटने पुढे सरकून मधला नफा खाणारे इतके जण तयार होते म्हणूनच तो इतका झोंबला.

एक चिठ्ठी आली आहे, वाचून दाखवतो. "कदाचित ही युक्ती मुळात खरी नसेल, जुन्या आकड्यांत योगायोगाने दिसली असेल, आणि म्हणून पुढे चालली नसेल?" फार चांगला प्रश्न. डेव्हिड मक्लीन आणि जेफ्री पाँटिफ यांनी नेमकं हेच तपासलं. शोधनिबंधांत आलेल्या अशा ९७ युक्त्या त्यांनी घेतल्या. त्यांचा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काळाचे तीन तुकडे केले. ज्या वर्षांचे आकडे बघून युक्ती सापडली तो पहिला. आकडे संपल्यापासून निबंध छापून येईपर्यंतचा दुसरा, ज्यात युक्ती अजून जगाला माहीत नाही. आणि छापून आल्यानंतरचा तिसरा. दुसऱ्या तुकड्यात परतावा २६ टक्क्यांनी कमी निघाला. योगायोगाचा भाग असला तर जास्तीत जास्त एवढा. तिसऱ्या तुकड्यात तो पहिल्याच्या मानाने ५८ टक्क्यांनी कमी. मधला जो फरक आहे, बत्तीस टक्क्यांचा, तो निबंध वाचून आलेल्या लोकांनी खाल्ला असं म्हणायला हरकत नाही. म्हणजे तुमची शंका एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे, पण योगायोगापेक्षा गर्दीचा वाटा मोठा.

मग नफा विरायला लागल्यावर माणसं काय करतात? इथून पुढे गोष्ट टोमॅटोपासून वेगळी होते.

थॉर्पने २००२ मध्ये दुकान बंद केलं. परतावा उतरणीला लागला होता, आणि हेज फंडांची संख्या नि त्यांचा अशा पद्धतींचा वापर वाढलाय हे त्याचं कारण, असं त्याचं निदान होतं. गाठीशी पैसा होता, वय सत्तरीला पोचलं होतं, गुंतवणूकदारांचे पैसे परत करून तो मोकळा झाला. पण सगळे थॉर्प नसतात. ज्याच्याकडे पन्नास माणसं पगारावर आहेत, ज्याने गुंतवणूकदारांना वर्षाला अमुक टक्के सांगून पैसे घेतलेत, तो बंद कसं करणार? त्याच्यापुढे एक सोपा रस्ता असतो. कर्ज काढा. हाताशी एक डॉलर असेल तर चार डॉलरचे शेअर घ्या आणि चार डॉलरचे विका. प्रत्येक सौद्यात मिळतंय ०.१३, पण चौपट केलं की ०.५२, म्हणजे जवळजवळ १९९८ इतकं. खंडानी आणि लो यांनी हाच हिशेब मांडला. २००७ मध्ये १९९८ चा परतावा टिकवायचा तर एका डॉलरच्या भांडवलावर एकूण आठ डॉलरचे सौदे लागत होते.

आणि हे बेफिकीर लोकांनी केलं असं समजू नका. हे जोखीम मोजून केलं होतं. घोळ तिथेच आहे. गर्दी वाढली की भावातलं अंतर जरा फाकलं रे फाकलं की कोणीतरी ते लगेच बुजवतो. त्यामुळे चढउतार कमी दिसतात. मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे घेऊन जोखीम मोजली तर ती कमी भरते. जोखीम कमी, मग कर्ज थोडं जास्त चालेल, असं कोष्टक सांगतं. म्हणजे ज्या गर्दीने नफा खाल्ला तीच गर्दी तुम्हाला जास्त कर्ज काढायला परवानगी देत होती. प्रत्येकाचं कोष्टक बरोबर होतं. फक्त त्यात शेजाऱ्याचा रकाना नव्हता.

याची सूचना आधी मिळालेली नव्हती का? चांगली दणदणीत मिळाली होती. शेअरच्या ऐवजी कर्जरोख्यांच्या जोड्या लावणारी लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट ही कंपनी १९९४ मध्ये सुरू झाली. सॉलोमन ब्रदर्समधून आलेला जॉन मेरिवेदर तिचा प्रमुख, आणि रॉबर्ट मर्टन, मायरन शोल्स हे पुढे १९९७ चं नोबेल मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ भागीदार. १९९५ आणि १९९६ मध्ये चाळीस टक्क्यांच्या वर परतावा. मग सगळ्या बँकांनी त्यांची नक्कल सुरू केली. नक्कल करणं अवघड नव्हतं, कारण त्यांचे सौदे याच बँकांच्या हातून होत. १९९७ मध्ये परतावा १७ टक्क्यांवर आला. वर्षाच्या शेवटी कंपनीने २७० कोटी डॉलर गुंतवणूकदारांना परत दिले, पण सौदे तेवढेच ठेवले. म्हणजे भांडवलाच्या मानाने कर्ज आणखी फुगलं, पंचवीस पटीच्या वर. जुलै १९९८ मध्ये सॉलोमनच्या नव्या मालकांनी आपला असाच विभाग बंद करायचं ठरवलं आणि त्यांचे सौदे, म्हणजे पर्यायाने मेरिवेदरचेच सौदे, बाजारात विक्रीला यायला लागले. ऑगस्टमध्ये रशियाने कर्ज बुडवलं. सप्टेंबरच्या अखेरीला न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या मध्यस्थीने चौदा बँकांनी मिळून सुमारे ३६० कोटी डॉलर घातले आणि कंपनी ताब्यात घेतली. या प्रकरणावर पुस्तकं निघाली, विद्यापीठांतून ते शिकवलं गेलं. शेअरच्या जोड्या लावणाऱ्या मंडळींनी ते वाचलं आणि त्यांचं मत साधारण असं पडलं, की आमचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात रोज लाखोंनी विकले जातात, आम्हाला केव्हाही बाहेर पडता येईल. हे प्रत्येकापुरतं खरंही होतं.

आता ऑगस्ट २००७. त्या उन्हाळ्यात घरकर्जांच्या रोख्यांत पडझड सुरू झाली होती. त्याचा शेअरच्या जोड्यांशी थेट संबंध काही नाही. पण एकाच छपराखाली दोन्ही धंदे करणाऱ्या संस्था होत्या. घरकर्जात तोटा झाला, रोकड उभी करायची आहे, तर काय विकणार? घरकर्जाचे रोखे कोणी घेत नव्हतं. जे विकलं जातं तेच माणूस विकतो. खंडानी आणि लो यांचा तर्क असा, की त्या आठवड्याच्या सुरुवातीला एक किंवा अधिक मोठ्या संस्थांनी आपले शेअरचे सौदे घाईघाईने मिटवले. मिटवणं म्हणजे उलट व्यवहार. घेतलेले विकायचे, विकलेले परत घ्यायचे. पण सगळ्यांकडे तेच शेअर घेतलेले आणि तेच शेअर विकलेले. एकाने मिटवायला सुरुवात केली की ज्या शेअरवर बाकीच्यांचा पैसा लागलाय ते पडतात आणि जे त्यांनी शॉर्ट केलेत ते चढतात. दोन्ही बाजूंनी तोटा. मग कर्जाची मर्यादा ओलांडली जाते, दुसऱ्यालाही मिटवावं लागतं. मग तिसऱ्याला.

मघाशी जो साधा नियम सांगितला, तो चौपट करून या आठवड्यावर ठेवला तर काय दिसतं? मंगळवार ७ ऑगस्ट, तोटा ४.६४ टक्के. बुधवारी ११.३३. गुरुवारी ११.४३. तीन दिवसांत भांडवलाचा चौथा हिस्सा गेला. आणि हे बाहेर कोणाला दिसत नव्हतं! मंगळवारी आणि बुधवारी अमेरिकेचा शेअर निर्देशांक वर गेला होता. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला वाटलं असतं, बाजार ठीक चाललाय. आत मात्र एका विशिष्ट पद्धतीने चालणारे सगळे फंड एकमेकांना पायदळी तुडवत होते.

आता ती मजुरीची गोष्ट आठवा. या मंडळींचा नफा घाईत असलेल्या माणसाकडून यायचा, कारण हे धीर धरणारे होते. त्या तीन दिवसांत धीर धरणारेच घाईत आले. सगळे एकाच वेळी. मग त्यांचा माल अंगावर घेऊन थांबणारा कोण उरला? पंचवीस वर्षांत हे काम करणारे इतके वाढले होते, की त्यांच्या बाहेर ते काम करणारा दुसरा कोणीच राहिला नव्हता.

गोल्डमन सॅक्सच्या एका मोठ्या फंडाने त्या आठवड्यात तीस टक्क्यांहून जास्त गमावलं आणि १३ ऑगस्टला पेढीने बाहेरच्या काही गुंतवणूकदारांसह त्यात ३०० कोटी डॉलर ओतल्याचं जाहीर केलं. त्यांचे मुख्य वित्त अधिकारी डेव्हिड विनियर तेव्हा म्हणाले, की पंचवीस प्रमाण विचलनांइतक्या हालचाली आम्ही ओळीने काही दिवस बघितल्या. संख्याशास्त्र थोडं जाणणाऱ्यांना यातली गंमत कळेल. नेहमीच्या घंटाकृती वक्राने मोजलं तर अशी एक हालचालसुद्धा विश्वाच्या वयात घडायला नको. ती लागोपाठ घडली, याचा सरळ अर्थ मोजपट्टी चुकीची होती. ती गर्दी नसतानाच्या, किंवा गर्दी शांत असतानाच्या दिवसांवरून बनवलेली होती. पण जवळजवळ कोणीही तसं म्हटलं नाही. वादळ मोठं होतं असंच सगळे म्हणाले.

सायमन्सच्या रेनेसान्सबद्दल दोन शब्द, कारण कोणीतरी विचारणारच. त्यांनाही त्या दिवसांत मार बसला. पण त्यांच्या मेडेलियन या मुख्य फंडात एक गोष्ट वेगळी होती. १९९३ मध्येच त्यांनी नव्या गुंतवणूकदारांसाठी दार लावलं आणि २००५ पर्यंत बाहेरच्यांचे पैसे परत करून टाकले. आत फक्त स्वतःची माणसं. पद्धतीला जेवढा पैसा पचतो तेवढाच ठेवायचा, उरलेला दरवर्षी वाटून टाकायचा. हुशारीबद्दल त्यांचं कौतुक खूप होतं. माझ्या मते या नाही म्हणण्याचं व्हायला हवं, कारण लोक पैसे घेऊन दाराशी उभे असताना नाही म्हणणं या धंद्यात फारच थोड्यांना जमलेलं आहे.

ही पद्धत मेली का, असंही विचारलं जातं. मेली नाही. घाईत असलेला माणूस अजूनही आहे, आणि शेअर फाकतात नि जवळ येतात. फक्त ज्याला बॅम्बर्गरच्या वेळी दिवस लागायचे त्यातलं बरंचसं आता सेकंदाच्या आत उरकतं, यंत्रांमध्ये. मजुरी पूर्वीच्या मानाने चिल्लर आहे आणि ती मिळवायला लागणारी यंत्रसामग्री कोट्यवधींची. गोल्डमनने आपला ग्लोबल अल्फा हा प्रसिद्ध फंड २०११ मध्ये बंद केला. म्युलरचा गट पुढे मॉर्गन स्टॅन्लीतून बाहेर पडून स्वतंत्र झाला.

आणि त्या आठवड्यातला एक दिवस सांगायचा राहिला. शुक्रवार, १० ऑगस्ट. त्या दिवशी सकाळपासून सगळं उलट फिरलं. पडलेले शेअर चढले, चढलेले उतरले. तोच साधा नियम, तसाच चौपट केलेला, एका दिवसात २३.६७ टक्के कमावून गेला. हिशेब करा. सोमवारी शंभर डॉलर असलेला आणि कशालाही हात न लावता बसून राहिलेला माणूस शुक्रवारी संध्याकाळी ९३ डॉलरच्या आसपास होता. गुरुवारी संध्याकाळी कर्ज देणाऱ्याचा फोन आल्यावर ज्याने सौदे मिटवले, तो ७५ वर थांबला. दोघांकडे शेअर तेच होते, प्रोग्रॅमही जवळजवळ तोच. फरक एवढाच, की गुरुवारी संध्याकाळी एकाचा फोन वाजला आणि दुसऱ्याचा वाजला नाही.